वारज्याचा रस्ता नव्हता तेव्हा

धारवाडला रात्रीची मैफल असलेला पुण्याचा गायक आज सकाळी नाश्ता उरकून घरून निघतो. कर्वे रस्ता संपवून वारज्याला महामार्गाला लागला, मुठेवरचा पूल ओलांडला की पुढचे काम ड्रायव्हरचे. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, बेळगाव बाजूने निघून जातात आणि उन्हे कलायच्या सुमारास धारवाड येते. तंबोरे मागे आडवे, तबले डिकीत, तबलजी खिडकीला टेकून झोपलेला. वारज्यातूनच उलट दिशेला डुक्कर खिंड चढून गेले की मुंबईची वाट. गाण्याच्या इतिहासात रस असणाऱ्याच्या हे लवकर लक्षात येते की मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी ही गावे, आणि थोडी वाकडी वाट केली तर औंध, सांगली, मिरज, इचलकरंजी, ही एका माळेतली गावे आहेत. ग्वाल्हेर, किराणा आणि जयपूर-अत्रौली या तिन्ही गायक्या दक्षिणेत ज्या मातीत रुजल्या ती माती हीच.

ही माळ महामार्गाने ओवलेली नाही. ती ओवली गेली त्या काळी वारजे हे मुठेकाठचे शेतकऱ्यांचे खेडे होते आणि साताऱ्याकडे जाणारी वाहतूक स्वारगेटवरून कात्रजच्या घाटात चढत असे. गवयांचा मोठा ओघ तर त्याही रस्त्याने नव्हता. तो आधी पायी होता, मग आगगाडीने.

पायीपासून सुरुवात करू. पुण्याला आगगाडी आली १८५८ साली, पण ती खंडाळ्यापर्यंतच होती. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू होईपर्यंत मधला घाट पालखीने, तट्टावरून नाहीतर चालत उतरावा लागे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) गाणे शिकायला उत्तरेकडे निघाले त्या काळात रूळ तुकड्यातुकड्यांनीच टाकले जात होते, आणि तिकिटाला लागणारे पैसे या तरुणाकडे नव्हते. धारला देवजीबुवा परांजपे, मग ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी अशी त्यांची गुरुपरंपरा आपण दोन ओळींत सांगून मोकळे होतो. त्या दोन ओळींच्या मधे शेकडो मैलांची पायपीट आहे, माधुकरी आहे, अनोळखी देवळांच्या ओवऱ्या आहेत. विद्या घेऊन परतल्यावरही त्यांची भटकंती थांबली नाही. दमा असलेल्या या माणसाला मुंबईची दमट हवा मानवली नाही. मग औंध, मिरज, इचलकरंजी असे मुक्काम पडले. मिरजेत त्यांच्यापाशी शिकले विष्णु दिगंबर पलुस्कर.

विष्णु दिगंबरांचा प्रवास तर विचार करायला लावणारा आहे. लहानपणी कुरुंदवाडला शोभेच्या दारूच्या अपघातात त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. १८९६ मध्ये या माणसाने मिरज सोडली आणि बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा करत पंजाब गाठला. सौराष्ट्रात तिकीट लावून जलसा केला, जे तोवर दरबारी गवयाने करायचे काम मानले जात नव्हते. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. हे साल ध्यानात ठेवावे, कारण मधली वर्षे प्लेगची आहेत. मुंबई इलाख्यात स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून तपासत, संशय आला तर वेगळे ठेवत. दोन-चार शिष्य आणि वाद्यांचा पसारा घेऊन फिरणाऱ्या अधू दृष्टीच्या गवयाला फलाटावरच्या त्या रांगा चुकल्या असतील असे मानायला जागा नाही.

कोकणातून निघालेल्या रामकृष्णबुवा वझ्यांनीही (निधन १९४५) कोवळ्या वयात घर सोडले. पुणे, मुंबई, इंदूर असे ठेचकाळत ते ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँपर्यंत पोचले. पुढे ‘संगीत कला प्रकाश’ या आपल्या पुस्तकात त्यांनी त्या दिवसांविषयी लिहून ठेवले, हे आपले नशीब. बहुतेकांनी काहीच लिहिले नाही.

१८९०च्या सुमारास पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी अशी सदर्न मराठा रेल्वेची गाडी धावू लागली आणि गवयांच्या जगाचा आकारच पालटला. मिरजेहून कोल्हापूरचा फाटाही त्याच सुमारास झाला. मात्र ही गाडी मीटर गेजची, आणि मुंबईहून येणारी ब्रॉड गेजची. दोन्हींची गाठ पुणे स्टेशनात. मुंबईचा जलसा आटोपून मिरजेला निघालेल्या मंडळींना पुण्यात सगळे सामान उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. वळकट्या, ट्रंका, फिरकीचे तांबे, डबे, तबल्याच्या पेट्या, आणि गवसणीत गुंडाळलेले तंबोरे. पुणे–मिरज मार्ग रुंद होईपर्यंत, म्हणजे १९७०च्या आसपासपर्यंत, ही उठाठेव चालू होती. पुणे हे संगीताचे माहेरघर कसे झाले याची बरीच उदात्त कारणे सांगितली जातात. इथे गाडी बदलावी लागत असे, हे कारण कोणी सांगत नाही. मला ते महत्त्वाचे वाटते. गाडी बदलायला उतरलेला माणूस एक रात्र राहतो, आणि गवई राहिला की कोणाच्या तरी माडीवर बैठक होतेच.

रेल्वेने एक अडचण सोडवली आणि दुसरी दाखवून दिली. गाणे ऐकणारे संस्थानिक रुळांच्या काठी राहत नव्हते. औंधला जायचे तर रहिमतपूरला उतरून पुढे बैलगाडी. इचलकरंजीसाठी हातकणंगले स्टेशन आणि मग दमणी किंवा छकडा. कुरुंदवाडला जायचे तर नद्यांचा मुलूख, पावसाळ्यात नाव चालेल तेव्हा चालेल. साताऱ्याला स्टेशनापासून गाव दूर. उतारा राजवाड्याच्या जवळ मिळाला तर ठीक, नाहीतर धर्मशाळेत. दरबारातून बोलावणे कधी येईल याचा भरवसा नाही, कारण महाराज शिकारीला गेलेले असत. बिदागी मिळाली की परतीचे भाडे त्यातूनच जायचे. आठ दिवस तिष्ठत बसलेल्या तीन-चार माणसांच्या जेवणाचा हिशेब केला तर पुष्कळ ‘दरबारी मान’ तोट्याचे होते.

माणसांपेक्षा वाद्यांचे हाल अधिक. तंबोऱ्याचा भोपळा दिसायला दांडगा, पण त्याची पाठ एका धक्क्यात तडकते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात तो बाकाखाली जात नाही, वर ठेवला तर कोणाची तरी ट्रंक त्यावर पडते. म्हणून शिष्याने तो रात्रभर मांडीवर आडवा धरून बसायचे. गुरू झोपणार, तंबोरा झोपणार, शिष्य जागा. देशावरची कोरडी हवा सोडून गाडी घाट उतरली की दमटपणाने तबल्याची पुडी सैल पडते, सारंगीची आतड्याची तात उतरते. मुंबईत उतरल्यावर दोन तास फक्त वाद्ये ताळ्यावर आणण्यात जात. किराणा गायकीचे अब्दुल करीम खाँसाहेब वाद्यदुरुस्तीत स्वतः वाकबगार होते. जवारी काढायला किंवा सांधा जोडायला त्यांना कोणाचे तोंड पाहावे लागत नसे. बाकीच्यांना मिरजेपर्यंत दम धरावा लागे. तिथल्या सतारमेकरांचा धंदा आगगाडीच्या आधीचा, पण मोडका तंबोरा घेऊन उतरायला जंक्शनचे गाव असावे, हा योग मोठा सोयीचा ठरला.

आणि गळा? कोळशाचे इंजिन, उघड्या खिडक्या, डोळ्यात आणि घशात जाणारी काजळी. गावोगाव बदलणारे पाणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिसऱ्या वर्गात शौचालयाची सोय नव्हती, म्हणून पुष्कळ प्रवासी पाणी पिणेच टाळत. घसा ओला ठेवणे ज्याचा धंदा, त्याने बारा तास पाणी टाळायचे!

स्टेशनावर पाण्याचीही जात होती. हिंदू पाणी वेगळे, मुसलमान पाणी वेगळे, चहावालेही तसेच ओरडत जात. गाण्याच्या मेळात मात्र ही वाटणी करता येत नसे. गवई ब्राह्मण, सारंगिया मुसलमान, तबलजी आणखी कोणी. रंगमंचावर एकमेकांच्या श्वासाला श्वास देणारी माणसे पुढच्या स्टेशनावर दोन वेगळ्या घड्यांपाशी उभी राहत. यजमानाच्या घरी गायकाला आत पान वाढले जाई आणि साथीदाराला ओसरीवर. त्या काळच्या गायकांच्या आठवणींत खाण्यापिण्याच्या गमती भरपूर असतात, ओसरीवरच्या पानाचा उल्लेख क्वचित येतो.

यात एक प्रवास इतका विलक्षण आहे की तो गाळता येत नाही. सर्कशीचे आद्य पुरुष विष्णुपंत छत्रे तरुणपणी ग्वाल्हेरला घोडे शिकवायला शिकले आणि त्याच वेळी हद्दू खाँकडे गाणेही शिकले. पुढे स्वतःची सर्कस काढून नावारूपाला आल्यावर त्यांना गुरुपुत्र रहिमत खाँ बनारसला भेटले, ते अफूने आणि मनाच्या आजाराने हालाखीत पडलेले. विष्णुपंतांनी त्यांना उचलले आणि सर्कशीबरोबर घेतले. वाघ, हत्ती, घोडे, कसरतपटू यांच्या लवाजम्यात ‘भूगंधर्व’ म्हणून गाजलेला हा गवई गावोगाव फिरला. सर्कशीची शिस्त कडक, जेवणखाण वेळेवर, मुक्काम ठरलेले. इतर गवयांच्या वाट्याला जी व्यवस्था आली नाही ती या कफल्लक माणसाला सर्कशीच्या तंबूत मिळाली. विष्णुपंतांच्या माघारी काशिनाथपंत छत्र्यांनी त्यांना सांभाळले. १९२२ मध्ये कुरुंदवाडला त्यांचा अंत झाला.

आता पुन्हा आगगाडीकडे, आणि म्हैसूरकडे वळू. पावसाळा सरला की दसऱ्याच्या दरबारासाठी उत्तरेकडचे आणि मुंबई-पुण्याकडचे गवई म्हैसूरला निघत. गाडी पुणे, मिरज, हुबळी अशीच. सलग प्रवास म्हणजे दीड-दोन दिवसांची शिक्षा, म्हणून धारवाड-हुबळीला उतरून दम घेणे ओघाने आले. अब्दुल करीम खाँ असे अनेकदा थांबले. जवळच्या कुंदगोळला त्यांचा उतारा असे. तिथलाच रामभाऊ त्यांच्याकडे शिकला आणि सवाई गंधर्व झाला. सवाई गंधर्वांकडे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी शिकले. धारवाडच्या मातीत संगीत आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. मातीला श्रेय द्यायला हरकत नाही, पण त्याआधी वेळापत्रकाला द्यावे. म्हैसूरची वाट एका दमात कापता आली असती तर किराणा गायकी कुंदगोळला उतरली नसती. सांगलीचेही तसेच. जयपूर-अत्रौली गायकीचे अल्लादिया खाँसाहेब वैद्य आबासाहेब सांबाऱ्यांच्या औषधासाठी सांगलीत येऊन राहिले होते. नाटकमंडळीबरोबर फिरत फिरत सांगलीला पोचलेली पंधरा-सोळा वर्षांची मोगूबाई तिथेच रियाज करत होती. जाता-येता खाँसाहेबांनी तो आवाज ऐकला. एक आजारी गवई आणि एक आधार तुटलेली मुलगी एका गावात अडकून पडली, त्यातून मोगूबाई कुर्डीकर घडल्या. मिरजेशी अब्दुल करीम खाँचे नाते जडले तेही आजारपणातूनच, अशी कथा आहे. दुखण्यातून उठल्यावर ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा बसली, ती अखेरपर्यंत टिकली.

गोव्याकडून येणाऱ्या कलावंतांची वाट आणखी निराळी. पणजीहून, वेंगुर्ल्याहून, मालवणहून आगबोटीने मुंबई. बोट खोल पाण्यात थांबायची, किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे आणि लाटेचा अंदाज घेऊन शिडी पकडायची. लुगड्याचा काचा मारून, एका हाताने मूल आणि दुसऱ्याने तंबोरा सावरत. पावसाळ्यात बोटी बंद. मग आंबोलीच्या घाटाने बेळगाव गाठायचे, नाहीतर कॅसलरॉकच्या गाडीने, जिथे पोर्तुगीज हद्दीची जकात तपासणी आडवी येई.

बाईमाणसाच्या प्रवासाला ओझे दुप्पट होते. ‘गाणारीण’ म्हटली की भल्या वस्तीत खोली मिळत नसे. गंगूबाई हनगल हुबळीहून वीसेक किलोमीटरवरच्या कुंदगोळला गुरूकडे रोज आगगाडीने जात आणि रात्रीच्या गाडीने परत येत. अंतर किरकोळ, पण संसार, मूल, स्टेशनावरच्या नजरा आणि टोमणे हे त्या तिकिटात धरलेले नव्हते. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून स्वतंत्र जलसे केले. बाई गाते ती कोणाच्या माडीवर बोलावून नव्हे, थिएटरात, हे त्यांनी गावोगाव फिरून पटवून दिले. मोगूबाईंच्या मागे तंबोऱ्यावर बसणाऱ्या त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर त्या दौऱ्यांतली वागणूक कधी विसरल्या नाहीत. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कोणाच्या तरी घरातला कोपरा, आईच्या हातावर टेकवलेली तुटपुंजी बिदागी. पुढे किशोरीताई आयोजकांशी कडक वागतात म्हणून कुरकुर करणारे रसिक पुष्कळ होते. ज्यांनी तो कोपरा पाहिला नव्हता त्यांना कुरकुर करणे सोपे होते.

प्रवासातला सर्वांत प्रसिद्ध मृत्यू अब्दुल करीम खाँचा. ऑक्टोबर १९३७. वय पासष्टीच्या घरात. मद्रासचे गाणे आटोपून ते पाँडिचेरीला, अरविंदाश्रमात गाण्यासाठी निघाले होते. रात्रीच्या गाडीत अस्वस्थ वाटू लागले. चेंगलपट्टूच्या अलीकडे सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर बिछाना घातला, तंबोरा जुळवला गेला, खाँसाहेबांनी दरबारीच्या सुरांत प्रार्थना केली आणि तिथेच देह ठेवला. तारीख २७. ही हकीकत आपल्याकडे एखाद्या संताच्या निर्वाणासारखी सांगितली जाते, आणि तसे सांगणाऱ्यांची भावना खोटी नाही. तरीही त्या सुंदर कथेखाली एक रुक्ष गोष्ट दडलेली आहे. पासष्टीचा, नाजूक अंगकाठीचा माणूस, देशभर नाव झालेले, ध्वनिमुद्रिका घरोघरी पोचलेल्या, आणि तरी पोटासाठी आणि शब्दासाठी एका गावाहून दुसऱ्या गावी रात्रीच्या गाडीने जातो आहे. आडस्टेशनावर त्याच्यापाशी इलाज म्हणून काय होते, तर तंबोरा. तिथून हजाराहून अधिक किलोमीटरवर मिरजेला त्यांचा देह आणला गेला आणि दर्ग्याच्या परिसरात दफन झाले. जिवंतपणी ज्या रुळांवरून ते असंख्य वेळा गेले, त्यांवरचा हा शेवटचा फेरा.

त्याआधी चारच वर्षे, १९३३ मध्ये, गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा घर सोडून गाडीत बसला होता. खिशात तिकीट नव्हते. तपासनीस आला की गाणे म्हणून दाखवायचे. कधी ते चालून जाई, कधी खाली उतरवत. विजापूर, पुणे, ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली करत तो जालंधरला पोचला. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत तिथे हरवल्लभ संगीत मेळा भरतो. पुण्याच्या विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला विचारले, इतक्या दूर कशाला आलास, तुझ्या गावाजवळ सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. अर्धा हिंदुस्थान पालथा घालून भीमसेन जोशी कुंदगोळला परतले. पुढे हाच माणूस पुण्यात स्थायिक झाला, मोटारीचा जबर शौकीन निघाला. रात्रीची मैफल संपवून स्वतः चाक हातात धरून दुसऱ्या गावी पोचणे त्यांना नवे नव्हते, आणि विमानाच्या इतक्या फेऱ्या केल्या की लोक गमतीने ‘हवाई गंधर्व’ म्हणू लागले.

मोटारीने आणि विमानाने गवयाची सुटका केली, असे यावरून वाटेल. गवयाची केली. सगळ्या मेळाची केली का, हा प्रश्न वेगळा. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिला तिसरा वर्गच नव्हता. तो १९५५ मध्ये जोडला गेला. म्हणजे पंचवीस वर्षे मुख्य गायक राणीच्या डब्यातून सुखाने मुंबईला जाऊ शकत होता, आणि त्याचा सारंगिया पॅसेंजरने रखडत येत होता. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस.टी. धावली, तेव्हा कुठे टपावर डग्गा बांधून का होईना, साथीदाराला आडगावच्या जलशाला वेळेवर पोचण्याची खात्री वाटू लागली. त्याआधीच्या खाजगी सर्व्हिस मोटारी माणसे भरेपर्यंत सुटत नसत, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलचे रेशन आले तेव्हा त्यांतल्याही पुष्कळ बंद पडल्या.

प्रवास वेगवान झाला म्हणून निर्धोक झाला असेही नाही. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर चीनला जाऊन आले आणि परतल्यावर थोड्याच दिवसांत, २६ ऑक्टोबरला, मेंदूज्वराने गेले. वय अवघे ३४.

या सगळ्या हालांचे कौतुक करण्याची आपल्याला खोड आहे. खस्ता खाल्ल्या म्हणून गाणे मोठे झाले, असे सत्काराच्या भाषणात हमखास म्हटले जाते. मला हे पटत नाही. मुक्कामांनी गाणे पसरले हे खरे, कारण मुक्कामात वेळ होता, ऐकणारे होते, शिकू पाहणारी मुले होती. काजळीने, तुंबलेल्या डब्याने आणि ओसरीवरच्या पानाने कोणाचा गळा सुधारला नाही. जे या वाटेवर टिकले त्यांची नावे आपण घेतो. जे आवाज बसून, दुखणे काढून, कर्ज होऊन मधेच घरी परतले, त्यांची यादी कुठे नाही.

साथीदारांचीही नाही. जुन्या जलशांच्या हस्तपत्रिकांवर गायकाचे नाव मोठ्या टायपात, तिकिटाचा दर त्याखाली, आणि तबला-सारंगीवाल्यांचे नाव असलेच तर तळाला. पुण्यातल्या, मिरजेतल्या, धारवाडातल्या कितीतरी घरांत अशी पत्रके, बिदागीच्या नोंदींच्या वह्या, गवयांनी मुक्कामावरून लिहिलेली पोस्टकार्डे अजून पडून असतील. माळा आवरताना ती रद्दीत देऊ नका. एखाद्या संगीतसंस्थेला किंवा ग्रंथालयाला द्या, आणि देण्याआधी तळाची ती बारीक टायपातली नावे एका कागदावर उतरवून ठेवा.